डोळे सरावल्यावर दिसणारे बिदर

उदगीरमार्गे बिदरला जाणारी मराठी कुटुंबे बहुधा नानक झिऱ्याचे दर्शन घेतात, किल्ल्याच्या दरवाजात फोटो काढतात, बिदरी नक्षीची एखादी डबी घेतात आणि दिवेलागणीच्या आत परततात. आम्हीही पहिल्या खेपेस हेच केले. दुसऱ्या खेपेस मात्र गर्दीकडे पाठ करून पूर्वेची वाट धरली.

तीनेक किलोमीटरवर अष्टूर. शेतांच्या मधोमध बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीने उभ्या आहेत. हुमायूनशहाच्या कबरीवर वीज पडली असे सांगतात. तिचा घुमट कलिंगड कापावे तसा चिरला आहे. घुमटाची भिंत आतून किती जाड असते, हे मुलांना न शिकवता कळले!

खरे नवल त्याच ओळीत, अहमदशहा वलीच्या कबरीत. गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला आणणारा हा सुलतान १४३६ साली वारला. आसपासचे हिंदू त्याला अल्लमप्रभू मानतात आणि उरुसाला लिंगायत जंगमही येतात. आत पाऊल टाकले की आधी काळोखच. पुष्कळ लोक डोकावतात आणि ‘काही नाही’ म्हणून फिरतात. आम्ही भिंतीला टेकून न बसता, मुकाट्याने उभे राहिलो. डोळे सरावले तसा आधी शेंदरी रंग उमटला, मग निळा, मग सोन्याची रेघ. आणि पाहता पाहता सबंध घुमट वेलबुट्टीने व अक्षरांनी भरून गेला. पाचशेहून अधिक वर्षांचे हे रंग. धाकटीने हात लावायला बोट पुढे केले आणि आजीने ते वेळीच धरले. खाली, हात पोचतो तिथवरचा रंग बराच गेलेला होता.

परतताना गावात महमूद गवानचा मदरसा पाहिला. इराणातून व्यापारासाठी आलेला हा माणूस बहमनींचा वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने गोवा घेतला, त्याच साली ही पाठशाळा उभी राहिली. पुढे दरबारातल्या हितशत्रूंनी त्याच्या शिक्क्याचे खोटे पत्र रचले आणि सुलतानाने १४८१ मध्ये सत्तरी उलटलेल्या या वजिराचा शिरच्छेद करवला. सतराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगजेबाच्या काळात, दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग उडाला. दोन मिनारांपैकी एक उरला. त्यावरच्या निळ्या-पांढऱ्या कौलांचे तुकडे उन्हात अजून चमकतात. थोरल्याने विचारले, “खोटे पत्र आहे हे राजाला कळले नाही का?” कळले, पण उशिरा, असे सांगतात.

किल्ल्यातला रंगीन महाल आमचा राहिला. काळ्या दगडात शिंपल्याचे जडावकाम तिथे आहे. दालनांना बहुधा कुलूप असते. तिथल्या रखवालदाराला नीट विनंती करावी लागते. सकाळी लवकर गेलेले बरे.