कोड तोच, मग नव्या लॅपटॉपवर बिल्ड का होत नाही?



आपल्या बॅचमधल्या एकाने पाण्याच्या टाकीचा कंट्रोलर बनवला. आत एसटीएम३२ चिप, फर्मवेअर स्वतः लिहिलेलं. ४० नग विकले. दोन वर्षांनी एका सोसायटीची तक्रार आली, टाकी भरली तरी पंप बंद होत नाही. कोडमध्ये एकच ओळ बदलायची होती. पण जुना लॅपटॉप तोवर भंगारात गेलेला! नव्यावर बिल्ड केलं तर स्क्रीनभर एरर. मला फोन आला, "सर, कोड तर तोच आहे हो!"

कोड तोच होता, टूलचेन बदलली होती.

डेस्कटॉपवरचा नेहमीचा कंपायलर त्याच डेस्कटॉपच्या प्रोसेसरसाठी प्रोग्राम बनवतो. आपली चिप वेगळी, म्हणून क्रॉस कंपायलर लागतो. एसटीएम३२ साठी बरेच जण आर्म-नन-ईएबीआय-जीसीसी वापरतात. तो ऑपरेटिंग सिस्टीम नसलेल्या चिपसाठी असतो. त्याच्या जोडीला असेंब्लर, लिंकर, न्यूलिब नावाची सी लायब्ररी, आणि बिल्ड चालवायला मेक किंवा सीमेक. उबंटूवर न्यूलिबचं पॅकेज वेगळं असतं. ते राहिलं, तर कंपायलर असूनही साधी हेडर फाइल सापडत नाही.

याचं दुखणं मात्र वेगळं होतं. जीसीसी १० मध्ये, म्हणजे २०२० साली, एक डिफॉल्ट बदललं. आधी हेडरमध्ये ग्लोबल व्हेरिएबल 'एक्स्टर्न' न लावता लिहिलं, तरी लिंकर त्याच्या सगळ्या प्रती गुपचूप एक करायचा. आता तो 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणत अडून बसतो. म्हणजे चूक आपलीच, जुनी. पकडली गेली आत्ता. हेडरमध्ये एक्स्टर्न लावा आणि व्हेरिएबल एकाच सी फाइलमध्ये ठेवा. गिऱ्हाईक डोक्यावर बसलं असेल तर 'एफ-कॉमन' फ्लॅग देऊन आजचा दिवस काढता येतो. पण सवय लावू नका.

आणखी एक. कंपायलरचं व्हर्जन बदललं की तयार फाइलचा आकारही बदलू शकतो. ६४ केबीची चिप काठोकाठ भरलेली असेल, तर काही न बदलताही कोड मावेनासा होतो.

म्हणून पहिला नग विकायच्या आधीच कंपायलर आणि लायब्ररीचं व्हर्जन वहीत लिहा. इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर ठेवा, विकलेली हेक्स फाइलही. डॉकर जमत असेल तर उत्तमच. मग मित्राच्या कॉम्प्युटरवर सगळं नव्याने टाकून एकदा बिल्ड करून बघा. काय लिहायचं राहिलं ते तिथे लगेच कळतं. एक दुपार जाईल, जाऊ द्या.

त्या सोसायटीचं काम दुसऱ्या दिवशी झालं. पण बाकीच्या ३९ नगांत कोणतं फर्मवेअर गेलंय याची नोंदच नाही, त्यामुळे आमचा गडी सध्या एकेका गिऱ्हाइकाकडे जाऊन डबे उघडतोय.