प्रेरणा रोज कमवावी लागते!

सकाळी मोबाईल उघडला की काय दिसते? उगवत्या सूर्याचे चित्र, त्यावर एखादा सुविचार आणि कोपऱ्यात बाबासाहेबांचा फोटो. असे दहा-वीस सुविचार रोज येतात, आपण ते आणखी दहा जणांना पाठवतो आणि कामाला लागतो. संध्याकाळपर्यंत त्यातला एकही आठवत नाही. तीच गत १४ एप्रिलची आणि ६ डिसेंबरची. वक्त्याचे भाषण ऐकून अंगावर काटा येतो, तरुण मुठी आवळतात, उद्यापासून आयुष्य बदलायचेच असे मनोमन ठरवतात. आठ दिवसांनी पाहावे तर मंडपही उतरलेला असतो आणि निश्चयही.

वास्तविक पाहता प्रेरणेचा आमच्याकडे दुष्काळ नाही. एवढा मोठा आदर्श एवढ्या जवळ लाभण्याचे भाग्य फार थोड्या समाजांच्या वाट्याला आले असेल. मग ही प्रेरणा टिकत का नाही? आमच्या मते याचे कारण एकच. प्रेरणा ही कुणीतरी द्यायची आणि आपण घ्यायची वस्तू आहे, अशी आपण समजूत करून घेतली आहे. कालच्या भाकरीने आजची भूक भागत नाही, तशी कालच्या भाषणाने आजची प्रेरणा भागत नाही. ती रोजच्या कष्टातून रोज नव्याने कमवावी लागते. आधी काम सुरू होते, मग त्यात मन लागते आणि मन लागले की त्यालाच लोक प्रेरणा म्हणतात. आपण हा क्रमच उलटा केला आहे. प्रेरणा आली की अभ्यासाला बसू, असे म्हणत वाट पाहणाऱ्या मुलांची वर्षेच्या वर्षे निघून चालली आहेत.

या गैरसमजावर एक मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे, तिकीट लावून होणारी भाषणे, मोबाईलवरचे व्हिडिओ. या सर्वांचे सांगणे एकच, मनात आणले तर माणूस काहीही करू शकतो! ऐकायला हे गोड वाटते. परंतु याची दुसरी बाजू तपासून पाहा. मनात आणले की सगळे होते, म्हणजे ज्याचे झाले नाही त्याने मनात आणलेच नाही, असा त्याचा अर्थ होतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांच्या गलक्यात अभ्यास करणारा मुलगा नापास झाला तर दोष त्याच्या मनाचा! खोलीचा नाही, फीचा नाही, वेळेवर न मिळालेल्या शिष्यवृत्तीचा नाही, आणि पिढ्यानपिढ्या शिक्षणाची दारे बंद ठेवणाऱ्या व्यवस्थेचा तर नाहीच नाही. पूर्वी आम्हाला सांगितले जायचे, तुमची लायकीच नाही. आता सांगतात, तुमची इच्छाशक्ती कमी पडली. शब्द तेवढे सभ्य झाले, बोट मात्र आमच्याकडेच राहिले.

मग परिस्थितीला दोष देत हातावर हात ठेवून बसायचे काय? मुळीच नाही. परिस्थितीही ओळखायची आणि रोजचे कामही सोडायचे नाही, हे दोन्ही कसे साधायचे ते बाबासाहेबांच्या चरित्रात शोधले पाहिजे. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, त्या पदव्यांमागचे दिवस मोजत नाही.

लोअर परळच्या डबक चाळीतील ती एक खोली आठवा. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोपणे, तिथेच सगळा संसार. अभ्यासाला जागा नाही आणि शांतताही नाही. यावर सुभेदार रामजीबाबांनी काढलेला तोडगा चरित्रकारांनी नोंदवून ठेवला आहे. ते भीमरावांना लवकर झोपायला लावत आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत. दोन वाजता मुलाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर आपण आडवे व्हायचे. मग मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात उजाडेपर्यंत मुलाचा अभ्यास चाले. शाळा सुटल्यावर हाच मुलगा चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसत असे. तिथे रोज वाचताना दिसणाऱ्या या विद्यार्थ्यावर कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर गेली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा याच केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. केळुसकर भेटले हा योग खरा, पण तो मुलगा रोज त्या बागेत जाऊन बसत होता म्हणून तो योग आला, हे विसरून चालणार नाही.

पुढे १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषाही होत्याच. हे काम एखाद्या उत्साहाच्या झटक्यात होत नसते. त्यासाठी दिवसांमागून दिवस बैठक मारावी लागते.

आणि ही वाट काही सरळ नव्हती. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके पहिल्या महायुद्धात बोटीबरोबर समुद्राच्या तळाशी गेली. बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळाली नाही. त्या दिवसांत बाबासाहेबांना कोणता सुविचार कुणी पाठवला होता? त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. तिथे रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला, तर परीक्षकांनी त्यात फेरबदल करायला सांगितले. १९२३ मध्ये मुंबईला परतल्यावर त्यांनी तो दुरुस्त करून पुन्हा पाठवला आणि त्याच वर्षी तो मान्य झाला. परत आलेले काम दुरुस्त करून पुन्हा पाठवणे, हा आत्मविकासाचा सर्वात मोठा धडा आहे. एका परीक्षेत अपयश आले म्हणून खचून जाणाऱ्या आमच्या तरुणांनी डी.एस्सी. ही पदवी जेवढी पाठ केली आहे, तेवढा हा प्रसंगही पाठ केला पाहिजे.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाबासाहेब स्वतःच्या हिमतीवर मोठे झाले हे शंभर टक्के खरे. पण त्या हिमतीच्या मागे दोन वाजेपर्यंत जागणारे रामजीबाबा होते. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की ते लेकींकडून दागिने मागून आणत आणि ते गहाण ठेवून पुस्तके घेत. पुढे सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली, राजर्षी शाहू महाराजांची मदत मिळाली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले आणि परळच्या चाळीत अभावाशी झुंजत माता रमाईंनी संसार ओढला. म्हणजेच एक माणूस रोज अभ्यासाला बसतो तेव्हा त्याच्यासाठी कुणीतरी रोज जागत असते. प्रेरणेचा बाजार मांडणारे ही अर्धी गोष्ट कधीच सांगत नाहीत, कारण जागणाऱ्या माणसाला तिकीट लावता येत नाही!

परंतु ज्यांच्यासाठी घरात कुणीच जागत नव्हते, त्यांचे काय? अवघी दीड दिवसाची शाळा वाट्याला आलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टर्स वाचत अक्षरे पक्की केली. गिरणीत राबले आणि १९५९ मध्ये ‘फकिरा’सारखी कादंबरी देऊन ती बाबासाहेबांना अर्पण केली. अण्णा भाऊ निदान बाहेर तरी फिरू शकत होते. बेबीताई कांबळे यांना तीही मोकळीक नव्हती.

फलटणच्या बेबीताईंचे उदाहरण आमच्या प्रत्येक घरात सांगितले गेले पाहिजे. १९२९ चा जन्म, चौथीपर्यंतचे शिक्षण, तेराव्या वर्षी लग्न. पुढे नवऱ्याबरोबर छोटे दुकान चालवले. माल बांधून द्यायला रद्दीची वर्तमानपत्रे आणावी लागत. बेबीताई तो कागद फाडण्याआधी वाचून काढू लागल्या. ज्या कागदात गिऱ्हाइकाला पुडी बांधून द्यायची, तोच त्यांचा पाठ्यक्रम झाला. त्यातून वाचनाची गोडी लागली, मग त्या ग्रंथालयाच्या सभासद झाल्या आणि पुढे दुकानात बसल्या बसल्या लिहू लागल्या. आपल्या माणसांचे जिणे, आपल्या बायांचे जिणे त्यांनी कागदावर उतरवले. पण हे लेखन त्यांनी वीस-एक वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले. नवऱ्यापासून लपवले, मुलापासूनही लपवले. फलटणला राहून संशोधन करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी धीर दिला तेव्हा ते उजेडात आले. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तक निघाले. २०१२ मध्ये बेबीताई गेल्या, तोवर त्यांचे पुस्तक इंग्रजीतून जगभर पोहोचले होते.

आता या दोन चित्रांची तुलना करा. एका घरात बाप मुलासाठी रात्री दोन वाजेपर्यंत जागतो. दुसऱ्या घरात बाईला आपली वही लपवावी लागते. दोन्ही घरे आपलीच आहेत. बेबीताई जिंकल्या याचा अभिमान जरूर बाळगावा, पण वही लपवता लपवता ज्यांची वहीच हरवली अशा किती बाया आमच्या वस्त्यांमध्ये होऊन गेल्या असतील, याचा हिशेब कोण मांडणार? बाहेरच्या व्यवस्थेला जाब विचारण्याचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि तो आम्ही विचारणारच. पण घरातल्या व्यवस्थेला जाब कोण विचारणार? आजही दहावीच्या परीक्षेला बसलेली मुलगी आधी पाणी भरते, भाकऱ्या थापते, भांडी घासते आणि मग डोळे मिटायला लागले की पुस्तक उघडते. तिचा भाऊ त्या वेळी मोबाईलवर यशाचे मंत्र ऐकत पडलेला असतो. त्या मुलीला प्रेरणेची गरज नाही. तिला एका तासाची गरज आहे!

म्हणून आमचे सांगणे अगदी साधे आहे. प्रत्येकाने रोजचा एक तास ठरवावा. पहाटेचा, दुपारचा, रात्रीचा, ज्याला जो जमेल तो, पण तास तोच आणि जागाही तीच असावी. नोकरी करणाऱ्याला तास जमत नसेल तर अर्धा तास घ्यावा. सुरुवात एवढ्या लहान कामाने करावी की टाळायला निमित्तच सापडू नये. दहा पाने वाचायची, पाच गणिते सोडवायची, एक पान लिहायचे. काय केले ते तारीख घालून वहीत नोंदवावे. महिन्याने ती वही उघडली की जी उमेद येते ती कुठल्याच भाषणातून येत नाही, कारण ती आपल्याच कष्टाची असते. दोन दिवस खंड पडला तर स्वतःला शिव्या घालत बसू नये. तिसऱ्या दिवशी त्याच जागेवर जाऊन बसावे. आणि वयाची सबब तर कुणी सांगूच नये. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते.

ज्यांचे स्वतःचे शिक्षणाचे दिवस सरले असे वाटते, त्यांच्यासाठीही काम आहे. रामजीबाबांचे काम! आपल्या घरात, आपल्या चाळीत, आपल्या वस्तीत कुणाला तास मिळत नाही ते शोधा आणि तो मिळवून द्या. संध्याकाळी रिकामी असलेली विहारे आणि समाजमंदिरे दोन तास अभ्यासिका म्हणून उघडी ठेवा. दिवा, चटई आणि एक लक्ष देणारे माणूस, एवढ्यावर अभ्यासिका चालते. जयंतीच्या वर्गणीतून ध्वनिक्षेपकाचे भाडे निघते, तर वर्षभराचे विजेचे बिल का निघू नये?

सुरुवात घरापासून करा. आज रात्री जेवणे झाली की टीव्ही एक तास बंद ठेवा. आणि बांधवांनो, त्या एका तासात भांडी तुम्ही घासा, पुस्तक लेकीच्या हाती द्या.