तार उपसली, गाणे चालूच राहिले

लहानपणी आमच्या सिद्धेश्वरला संध्याकाळी परभणी आकाशवाणी लागायची. शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली, की रेडिओत खरखर. वीज चमकली, की कडकडाट. त्या लहरीच्या चढ-उतारातच आवाज असायचा, त्यामुळे वाटेत मिसळेल ते कानावर पडायचे.

परवा पुतण्याने इंटरनेटवरून गाणी ऐकण्याची यंत्रणा आणली. दुकानदाराने सुचवले, "राऊटरची तार भारी घ्या, आवाज गोड होईल." किंमत आठ हजार! पुतण्या म्हणाला, "काका, घेऊ का?" आमच्याकडे हे जवळजवळ दोन क्विंटल सोयाबीनचे पैसे.

मी गाणे चालू असतानाच साधी तार उपसली. गाणे थांबले नाही. काही सेकंद तसेच गोड वाजले, मग बंद पडले. तार नसताना वाजणाऱ्या गाण्याला तारेचा गोडवा येणार कुठून?

मित्रहो, तारेतून आवाज येत नाही, आकडे येतात. सीडीच्या दर्जाच्या संगीतात प्रत्येक बाजूसाठी सेकंदाला ४४,१०० मापे असतात. त्यांचे गठ्ठे निघतात, प्रत्येकासोबत पडताळणीचा आकडा असतो. गठ्ठा बिघडला तर तो टाकून पुन्हा मागवतात. आलेले आकडे यंत्रात साठतात आणि यंत्र आपल्या घड्याळाच्या ठेक्यावर ते वाजवते. आमच्या धरणाचेच पाहा ना! येलदरीहून पाणी कमी-जास्त येते, सिद्धेश्वरला साठते आणि कालव्यात हिशेबाने सुटते.

मग तार कशीही चालेल? नाही. उंदराने कुरतडलेली, टोक सैल झालेली किंवा १०० मीटरहून लांब तांब्याची तार असेल, तर गाणे अडखळेल, तुटेल; पण 'थोडे कमी गोड' होणार नाही. क्वचित धातूचे वेष्टण असलेल्या तारेतून विजेची घरघर ध्वनिवर्धकात शिरते. तिथे बिनवेष्टणाची साधी तारच बहुधा उपयोगी पडते.

तरीही शंका असेल, तर डोळे मिटून बसा आणि दुसऱ्याला तारा बदलायला सांगा. किंमत ठाऊक असली, की कानही भुलतो.

आम्ही साधीच तार ठेवली. पत्र्याच्या कपाटावरचे स्पीकर तेवढे उतरवून लाकडी स्टुलांवर ठेवले. पत्र्याची थरथर गेली आणि तबला स्वच्छ ऐकू आला. खर्च शून्य!