विचारांवर पोसले जाणारे अर्बुद

कर्करोगाची पेशी म्हणजे शरीराचा कोणताही कायदा न जुमानता आपल्याच मस्तीत वाढत राहणारी बेबंद पेशी, अशी जी समजूत सर्वत्र रूढ आहे, ती मेंदूतील ग्लायोमा नामक अर्बुदाच्या बाबतीत अपुरी ठरली आहे. कारण हे अर्बुद मेंदूच्या कारभारापासून फटकून न राहता त्याच कारभारात आपले बस्तान बसविते आणि त्याच्यावरच पोसले जाते.

याचा भक्कम पुरावा 2015 मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठातून पुढे आला. रुग्णांच्या अर्बुदातील पेशी उंदरांच्या मेंदूत रुजवून तेथील चेतापेशींना निळ्या प्रकाशाने उद्दीपित केले असता अर्बुदाची वाढ जोमाने होते, असे मिशेल मोंजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. आणि या वाढीस चिथावणी देणाऱ्या द्रव्यांचा तपास करता हाती लागले ते न्यूरोलिगिन-3, म्हणजे चेतापेशींचे परस्परसंधान साधणारे एक प्रथिन. हे प्रथिन मुळातच नसलेल्या उंदरांत मानवी ग्लायोमाची वाढ खुंटते, हे 2017 मध्ये दिसून आले.

त्याहून विस्मयकारक वृत्त 2019 मध्ये स्टॅनफर्ड आणि जर्मनीतील हायडेलबर्ग या दोन्ही ठिकाणांहून एकाच वेळी आले: चेतापेशी एकमेकींशी जशा चेतासंधींनी जोडलेल्या असतात, तशाच त्या काही अर्बुदपेशींशीही जोडल्या जातात, आणि त्या संधीतून येणारे ग्लूटामेट हे उत्तेजक द्रव्य अर्बुदपेशींवरील एएमपीए ग्राहकांना उत्तेजित करून त्यांच्या वाढीस व प्रसारास बळ देते. उलटपक्षी, अर्बुदही स्वतः ग्लूटामेट सोडून भोवतालच्या चेतापेशींना अतिउत्तेजित करते. ग्लायोमाच्या अनेक रुग्णांना फिट येण्याचे हे एक कारण होय, आणि वाढलेली ही चेतना पुन्हा अर्बुदाच्याच पथ्यावर पडते.

ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत उग्र प्रकारात शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हे औषध असा त्रिविध उपचार 2005 पासून प्रमाण मानला जात असूनही मध्यम आयुर्मर्यादा सुमारे 15 महिन्यांच्या फारशी पुढे सरकलेली नाही; म्हणूनच जुन्या औषधांना नव्या कामी तैनात करता येईल काय, याची पडताळणी चालू आहे. एएमपीए ग्राहकांना अटकाव करणारे अपस्मारावरील पेरॅम्पॅनेल हे औषध प्राण्यांत आश्वासक ठरल्यावर जर्मनीत रुग्णांवर त्याची चाचणी हाती घेण्यात आली. सॅन फ्रान्सिस्कोतील संशोधकांनी 2023 मध्ये दाखविले की, ज्यांचे अर्बुद भोवतालच्या मेंदूशी अधिक जोडलेले असते ते रुग्ण कमी काळ जगतात, आणि अशा जोडणीस साह्य करणाऱ्या थ्रॉम्बोस्पाँडिन-1 या प्रथिनाच्या कार्यास गॅबापेंटिन या औषधाने पायबंद घातल्यास उंदरांत वाढ मंदावते.

तथापि मेंदूला सरसकट शांत करणे हा काही उपाय नव्हे. ज्या ग्राहकांवर अर्बुद विसंबते, त्यांवरच आपले अध्ययन आणि स्मरण अवलंबून आहे. शिवाय लहान मुलांत आढळणाऱ्या, मेंदूच्या मध्यरेषेतील एका ग्लायोमात, एरवी शामक असलेले गॅबा हे द्रव्यच अर्बुदपेशींना उत्तेजित करते, आणि त्याचा परिणाम वाढविणाऱ्या लोराझेपाम या औषधाने उंदरांत अर्बुदाची वाढ अधिकच झाल्याचे आढळले आहे. प्राण्यांवरील अशा निष्कर्षांवरून रुग्णाने आपले औषध परस्पर सुरू वा बंद करणे सर्वथा अनुचित होय.

मोंजे आणि हायडेलबर्गचे फ्रांक विंकलर यांना 2025 चा ब्रेन प्राइझ देऊन चेतापेशी आणि अर्बुद यांच्या नात्याचा शोध घेणाऱ्या या नव्या विद्याशाखेवर मान्यतेची मोहोर उमटविण्यात आली. परंतु तिची खरी कसोटी लागेल ती रुग्णाची वाचा आणि स्मृती अबाधित राखून नेमकी अर्बुदाचीच रसद तोडण्यात.