सामायिक अभ्यासक्रम : विद्यार्थ्याचा हक्क

आपल्या निवासी विद्यालयाच्या वाटचालीचा आढावा या स्मरणिकेत इतरत्र आलेलाच आहे. आम्ही येथे सहकारी शिक्षक बंधू-भगिनींपुढे एकच विषय मांडू इच्छितो : सर्वांनी मिळून स्वीकारलेला अभ्यासक्रम सर्वांनी का पाळावा आणि कसा पाळावा.

वर्षअखेर विद्यार्थ्याला काय यावे आणि ते कोणत्या क्रमाने यावे, याचा आराखडा म्हणजे अभ्यासक्रम. पाठ्यपुस्तक हे त्याचे साधन होय. शिकविण्याची पद्धती मात्र शिक्षकाची स्वतःची असते. या तीन गोष्टींची गल्लत झाली की अभ्यासक्रम हा शिक्षकाच्या प्रतिभेला घातलेला लगाम आहे, असा समज निर्माण होतो.

आपल्या परंपरेत हा विषय नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात बारा वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. तेवढ्यावर न थांबता प्राथमिक शाळेत काय शिकवावे, हेही त्यांनी नमूद केले : मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची प्राथमिक माहिती, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे पाठ. खेड्यातील शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील, परंतु त्यांची व्यवहारातील उपयुक्तता कमी असू नये, असा त्यांचा आग्रह होता. शेतकऱ्याच्या मुलाला काय मिळावे, हे एखाद्या पंतोजीच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, हा या यादीचा अर्थ आम्ही समजतो.

आज हेच तत्त्व कायद्यात आलेले आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ नुसार संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. त्याच कलमात प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पाहून आवश्यक ते जादा अध्यापन करण्याचेही कर्तव्य सांगितले आहे. कलम २९ नुसार अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत असला पाहिजे. सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापनाचे तास निश्चित केले आहेत. म्हणजे दिवसाला साधारण साडेचार तास, आणि तेही सर्व विषयांत विभागलेले. एका प्रकरणावर अधिक वेळ गेला की तो दुसऱ्या प्रकरणातून वजा होतो.

महाडचा सत्याग्रह हा आपल्याच जिल्ह्याचा इतिहास. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा प्रसंग शिकविताना शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही रमतात. परंतु त्यासाठी तीन आठवडे देऊन अखेरची प्रकरणे गुंडाळली, तर नुकसान कोणाचे? ज्याच्या घरी शिकलेले पालक आहेत, खासगी शिकवणी आहे, तो सुटलेला भाग भरून काढतो. आपल्या वसतिगृहातील मुलाला ती सोय नाही. वर्गात जे सुटले ते त्याच्यापुरते कायमचे सुटले. रायगड जिल्ह्यातील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा संपताच वीटभट्टीच्या कामासाठी गाव सोडतात. अशा कुटुंबातील मूल वर्षाच्या मध्येच शाळा बदलते, तेव्हा जुन्या आणि नव्या शाळेला जोडणारा एकच धागा असतो : दोन्हीकडचा समान अभ्यासक्रम. आपण क्रम मोडला, तर त्या मुलाचा अपूर्णांकांचा पाठ एका शाळेत व्हायचा असतो आणि दुसरीत होऊन गेलेला असतो.

सामायिकपणाचा आदर्श आपल्याला धम्माच्या इतिहासातही सापडतो. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती भरली. परंपरेनुसार तेथे उपालींनी विनय आणि आनंदांनी धम्म सांगितला. संगीती म्हणजे एकत्र पठण. पुढे दीघभाणक, मज्झिमभाणक अशा भिक्खूंच्या गटांनी निरनिराळे निकाय मुखोद्गत करून जतन केले. काम वाटलेले होते, ठेवा सर्वांचा होता. आणि तरीही सांगण्याची रीत एकसारखी नव्हती. तथागतांनी किसा गोतमीला मोहरी आणावयास धाडले. सोणाला वीणेच्या तारांचा दाखला दिला. शिक्षकाचे स्वातंत्र्य ते हेच.

हे स्वातंत्र्य आपल्या नागावात विपुल आहे. भूगोलातील भरती-ओहोटीचा पाठ किनाऱ्यावर घ्यावा. विद्यार्थ्यांनी आठवडाभर भरतीची वेळ टिपावी आणि ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे स्वतः पडताळावे. नारळी-पोफळीच्या वाडीतील झाडांच्या ओळी मोजून क्षेत्रफळ शिकवावे. पाठ तोच, रीत आपली.

प्रत्यक्षात काय करावे? सत्रारंभी सर्व विषयशिक्षकांनी एकत्र बसून वार्षिक नियोजन करावे आणि त्याची प्रत सायंकालीन अभ्यासिका घेणाऱ्या शिक्षकांनाही द्यावी. दिवसा एक प्रकरण आणि संध्याकाळी भलतेच, असे होऊ नये. दरमहा एक बैठक घेऊन कोणता घटक मागे राहिला, हे निःसंकोच सांगावे. मागे राहणाऱ्या सहकाऱ्याला दोष न देता तासिका द्यावी. शिक्षक रजेवर गेल्यास पुढील शिक्षकाला पाठ कुठे थांबला हे कळावे, अशी नोंद वर्गातच असावी. वर्षाच्या मध्ये आलेल्या विद्यार्थ्याची पहिल्याच आठवड्यात चाचणी घेऊन त्याचे सुटलेले घटक लिहून ठेवावेत आणि अभ्यासिकेत ते आधी घ्यावेत. अभ्यासक्रमात काही उणे वाटल्यास बैठकीत चर्चा करावी, सूचना लेखी कळवाव्यात. एकट्याने पाठ गाळणे हा त्यावरील उपाय होऊ शकत नाही.

या जून महिन्यात आपल्या वर्गांत येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या पाठापासून शेवटच्या पाठापर्यंत सर्व काही मिळावे, एवढाच संकल्प आपण सर्वांनी या स्मरणिकेच्या निमित्ताने करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!