अक्षरे तीच, शब्द निराळा

'कॉन्झर्व्हेशन' हा इंग्रजी शब्द विज्ञानाच्या शिक्षकांना ऊर्जेच्या अक्षय्यतेमुळे ओळखीचा आहे. 'कॉन्व्हर्सेशन' म्हणजे संभाषण. अर्थाच्या दृष्टीने दोहोंचा काहीच संबंध नाही. पण त्यांची स्पेलिंगे फळ्यावर एकाखाली एक लिहून पाहा. दोन्हींत तीच १२ अक्षरे आहेत. फक्त एस आणि व्ही यांनी जागांची अदलाबदल केली आहे. अशा शब्दांना ॲनाग्राम म्हणतात. आपल्या 'कमल' आणि 'कलम' किंवा 'मगर' आणि 'गरम' या जोड्याही त्याच जातीच्या. मात्र इंग्रजीत उच्चार विसरून केवळ स्पेलिंगकडे पाहावे लागते.

शब्दकोशातल्या अशा सगळ्या जोड्या शोधायच्या कशा? पहिला विचार मनात येतो तो अक्षरे उलटसुलट करून पाहण्याचा. 'कॉन्झर्व्हेशन'मध्ये ओ आणि एन ही अक्षरे दोनदा येतात, हे लक्षात घेतले तरी त्याच्या ११,९७,५०,४०० वेगवेगळ्या मांडण्या होतात. सेकंदाला एक या वेगाने अहोरात्र लिहीत बसलो, तरी पावणेचार वर्षांहून अधिक काळ लागेल. आणि हे झाले एकाच शब्दाचे!

सुदैवाने एकही मांडणी करून पाहण्याची गरज नाही. शब्दातली अक्षरे फक्त वर्णानुक्रमे लावायची: ए, सी, ई, आय, एन, एन, ओ, ओ, आर, एस, टी, व्ही. 'कॉन्व्हर्सेशन'ची अक्षरे लावली तरी हीच माळ मिळते. हिला आपण शब्दाची 'ओळखखूण' म्हणू. प्रत्येक शब्दासाठी एक चिठ्ठी करायची, वर ओळखखूण, खाली शब्द. मग साऱ्या चिठ्ठ्या ओळखखुणांच्या क्रमाने लावायच्या. ज्यांची अक्षरे सारखी, ते शब्द आपोआप शेजारी येऊन बसतात. जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रामिंग पर्ल्स' (१९८६) या पुस्तकात ही युक्ती सांगितलेली आहे. संगणकाला लाखो शब्दांसाठीही हे काम किरकोळ वाटते.

ओळखखूण म्हणून आकडा चालेल का? ए म्हणजे १, बी म्हणजे २ असे मानून बेरीज करावी, असे एखादा विद्यार्थी नक्कीच सुचवील. त्याला करू द्यावी. बी-ए-डी या 'बॅड'ची बेरीज २+१+४, म्हणजे ७ येते. आणि बी-ई या 'बी'चीही २+५, म्हणजे ७च. एकात तीन अक्षरे, दुसऱ्यात दोन, तरी खूण एकच! बेरीज इथे फसते. आता अक्षरांना ओळीने मूळ संख्या द्या: ए म्हणजे २, बी ३, सी ५, डी ७, ई ११, आणि बेरजेऐवजी गुणाकार करा. 'बॅड'चे ४२ होतात, 'बी'चे ३३. ४२चे मूळ अवयव २, ३ आणि ७ हेच, दुसरे कोणतेही नाहीत. म्हणून ४२ ही खूण ए, बी आणि डी यांच्यापासून बनलेल्या शब्दालाच मिळेल. मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हा सिद्धांत मुलांना बहुधा निरुपयोगी वाटतो; इथे तो थेट कामाला येतो.

रसायनशास्त्रातले रेणुसूत्र हीदेखील अशीच ओळखखूण आहे. कार्बनचे २, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचा १ अणू एवढेच सूत्र सांगते. अणूंची जोडणी एका प्रकारे झाली तर ७८ अंश सेल्सिअसला उकळणारे इथेनॉल होते, दुसऱ्या प्रकारे झाली तर नेहमीच्या तापमानाला वायुरूप असणारे डायमिथाइल इथर.

आता लांब शब्दांकडे वळू. नुसती लांबी पाहिली, तर 'हायड्रोन्यूमोपेरिकार्डियम' आणि 'न्यूमोहायड्रोपेरिकार्डियम' अशी २२ अक्षरी जोडी हाती लागते. हृदयाभोवतीच्या आवरणात द्रव आणि हवा साठण्याच्या विकाराची ही दोन नावे. पण यात गंमत कुठे आहे? आगगाडीचे पुढचे दोन डबे मागेपुढे केले, इतकेच. वैद्यकातले शब्द ग्रीक-लॅटिन तुकडे जोडून बनतात, म्हणून असे घडते.

आम्हाला अधिक रास्त वाटणारे माप असे: पहिल्या शब्दातल्या शेजारी-शेजारी असलेल्या अक्षरांच्या किती जोड्या दुसऱ्यात टिकतात, ते मोजावे. वरच्या उदाहरणात २१पैकी २० टिकतात. 'कॉन्झर्व्हेशन'मध्ये ११पैकी ७. याउलट 'सिनेमॅटोग्राफर' म्हणजे चित्रपटाचा छायालेखक, आणि 'मेगाकायरॉप्टेरन' म्हणजे फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या गटातला प्राणी, ही जोडी घ्या. (कायरॉप्टेरा म्हणजे ज्यांचा हातच पंख झाला आहे ते, वटवाघळाच्या पंखाची हाडे पाहिली की हे नाव पटते.) दोन्ही शब्द १५ अक्षरी आणि १४पैकी केवळ दोन जोड्या टिकतात, ई-आर आणि आर-ए. अक्षरे इतकी विखुरली आहेत, की ओळखखुणेवाचून ही सोयरीक कोणाच्या ध्यानात आली नसती.

वर्गात मात्र आठ अक्षरांपासून सुरुवात करावी. 'ट्रँगल' म्हणजे त्रिकोण आणि 'इंटिग्रल' म्हणजे संकलनातील इंटिग्रल. दोघांची ओळखखूण ए, ई, जी, आय, एल, एन, आर, टी. सातपैकी एकही जोडी टिकत नाही! याच ओळखखुणेचे आणखीही इंग्रजी शब्द आहेत. एकाचा अर्थ 'संबंध जोडणारा', दुसऱ्याचा 'बदल करणारा'. ते विद्यार्थ्यांना शोधू द्या.