सिमेंटची यादी, देणग्यांची यादी

श्रीवर्धनचे आमदार बॅरिस्टर अ. र. अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत, आणि तिथल्या किनाऱ्यावर आजही त्यांचे नाव आपुलकीने घेतले जाते. राजकारणातल्या पैशाचा हिशेब उघड का असावा, याचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरणही त्याच कारकिर्दीतले आहे.

तेव्हा सिमेंटची टंचाई होती आणि वाटप सरकारच्या हाती. त्याच सुमारास ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ आणि इतर काही न्यासांकडे बिल्डरांच्या देणग्या येऊ लागल्या. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी पत्रकार अरुण शौरींनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. जनता पक्षाचे प. बा. सामंत या वाटपाविरुद्ध न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी कोणाला किती सिमेंट मिळाले आणि कोणी किती देणगी दिली, हे ताडून पाहिले. देणगीच्या बदल्यात सिमेंट दिले गेले, असा निकाल १२ जानेवारी १९८२ रोजी लागला आणि अंतुल्यांना पायउतार व्हावे लागले. फौजदारी खटल्यात पुढे त्यांना शिक्षा झाली नाही, हेही सांगायलाच हवे.

न्यास म्हणजे पक्ष नव्हे, हे खरे. पण १९६९ ते १९८५ या काळात कंपन्यांनी पक्षांना देणगी देण्यावर बंदीच होती. बंदीने पैसा थांबत नाही, आडवाट धरतो. कंपन्यांच्या पैशाने लोकशाहीचा गळा घोटला जाईल, ही भीती मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागलांनी १९५७ सालीच टाटांच्या पोलाद कंपनीच्या प्रकरणात बोलून दाखवली होती.

२०१८ मध्ये आलेल्या, स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षांना देता येणाऱ्या निवडणूक रोख्यांनी तर देणगीदाराचे नाव मतदारांपासून कायद्यानेच झाकले. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ते रद्द केले. मार्चमध्ये स्टेट बँकेला रोख्यांचे क्रमांक द्यावे लागले, तेव्हा कुठे देणारा आणि घेणारा यांची जोडी लावता आली. लेंटिन यांनी चाळीस वर्षांपूर्वी केलेले काम आता कोणाही नागरिकाला करता येऊ लागले.

उमेदवाराच्या पातळीवर उघड हिशेबाचे नियम आहेतच. प्रचाराच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे सक्तीचे आहे. महाराष्ट्रात उमेदवाराला लोकसभेसाठी ९५ लाख, विधानसभेसाठी ४० लाखांची खर्चमर्यादा आहे. निकालानंतर ३० दिवसांत त्याला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे रायगडात अलिबागला, हिशेब द्यावा लागतो. एक रुपया शुल्क भरून तो कोणीही पाहू शकतो. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही, आणि २० हजारांपर्यंतच्या देणगीदारांची नावे पक्षांना आजही जाहीर करावी लागत नाहीत.